काळ्या खोलीतलं गरम पाणी

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज ते खोकं आलं. सव्वीस वर्षं मी कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे तागे उलगडले आणि परत गुंडाळले. दुकान बंद झालं त्याला दोन महिने झाले. आता चोपन्नाव्या वर्षी लोकांची कुत्री धुणार आहे. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण गल्लीत मोजून एकोणीस कुत्री आहेत आणि त्यांना आंघोळ घालायचा सगळ्यांना कंटाळा आहे, हे मी दोन महिने खिडकीत बसून बघितलंय.

खोक्यात निघालं ते पोर्टेबल गॅस गीझर. छोट्या सुटकेसएवढा डबा, वर टांगायला कडी. एकीकडे नळाचा पाइप, दुसरीकडे सिलिंडरची नळी, आणि हातात धरायला फवारा. तंबू ठोकून राहणारे लोक म्हणे हे झाडाला टांगतात आणि खाली उभं राहून आंघोळ करतात. वीज लागत नाही, दोन सेल पुरतात. नळ सोडला की आत टकटक होतं आणि भप्प करून जाळ पेटतो.

मी मागच्या अंगणात जोडणी करत होते तेव्हा ताई वरच्या खिडकीतून बघत होती. म्हणाली, "धाकटे, आधी स्वतःवर उडवून बघ. कुत्र्याला चटका बसला तर तो सांगणार नाही, चावेल."

बघितलं. पाणी छान, कोमट.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिलं गिऱ्हाईक बेकरीवाल्याचा लांडग्या. नाव त्यानेच ठेवलंय आणि कुत्रा ते सार्थ करतो. अंगणात अर्धा तास झटापट. माझी बाही फाटली, साबण माझ्याच डोळ्यात. शेवटी धुतला. बेकरीवाला म्हणाला, "बाई, तुमची हिंमत मानली." मला वाटतं तो हसू दाबत होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वारा असा सुटलाय की अंगणात ओलं कुत्रं उभं करणं पाप आहे. काल एका पिल्लाचे दात वाजले. मालकीण म्हणाली, आता उन्हाळ्यात येऊ.

म्हणून आज काळी खोली उघडली.

बाबा गेल्यापासून ती बंदच होती. ते फोटोग्राफर होते, फिल्म धुवायचं काम त्या खोलीत चालायचं. खिडकी त्यांनी विटा घालून बुजवली, दाराच्या चौकटीला नमद्याची जाड लोकरी पट्टी मारली, छताच्या लाकडी फळ्यांतल्या फटीसुद्धा लांबी लिंपून बंद केल्या. उजेडाचा एक धागा आत येता कामा नये. आम्ही दोघी लहानपणी दाराबाहेर उभ्या राहून विचारायचो, "येऊ का?" आतून "थांब" आलं की थांबायचं, "ये" आलं की जायचं.

कुत्री धुवायला याहून चांगली जागा नाही. मोठी सिमेंटची कुंडी आहे, पाण्याचा नळ आहे, मोरी आहे. आणि वारा अजिबात नाही. मी बाबांच्या फिल्म वाळवायच्या तारेच्या हुकाला गीझर टांगला. त्याच्या पोटावर एक चिकटपट्टी होती, फक्त उघड्यावर वापरा अशी. ते पाणी उडतं म्हणून लिहिलं असणार. इथे तर खाली सिमेंटच आहे. पट्टी अर्धी निघालीच होती, उरलेली मी खरवडून काढली. कळकट दिसत होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लिहायलाच हवं असं झालं. लांडग्या परत आला. बेकरीवाला म्हणाला, मी बाहेर थांबतो, ओरडलात तर येतो. मी दार लावून घेतलं, गरम हवा राहावी म्हणून. पहिली पाच मिनिटं तो गुरगुरला, दाराला नखं मारली. मग हळूहळू निवला. शेवटी तर कुंडीच्या काठावर हनुवटी टेकून उभा राहिला आणि मी त्याच्या कानात बोट घातलं तरी हूं नाही. बेकरीवाल्याने बघितलं आणि मला विचारलं, "काय केलंत?"

मी म्हटलं, "काही नाही. हात."

खरंच, हातात काही असेल का? दुकानातही माझ्याकडे कटकटी गिऱ्हाइकं पाठवायचे.

२ डिसेंबर, मंगळवार

आज सहा. परवा सात. लोक लांबून येतात. चौकातल्या दवाखान्यातल्या नर्सने आपला काळा कुत्रा आणला. तो म्हणे डॉक्टरलाही अंगाला हात लावू देत नाही. वीस मिनिटांत मेंढरासारखा. नर्स म्हणाली, "तुमच्याकडे देणगी आहे."

कपाळाभोवती घट्ट पट्टी बांधल्यासारखं दुखतं मात्र. वाफेत वाकून काम, वयही झालं. दुपारी जेवण नको वाटतं. काम संपवून अंगणात बसलं की तासाभरात उतरतं.

आणखी एक. सुरुवातीला गीझरचा जाळ निळा आणि टोकदार होता. आता पिवळा झालाय, समईसारखा, जरा हलतो. निळ्यापेक्षा हाच बरा दिसतो. अंधाऱ्या खोलीत तेवढाच उजेड. वरच्या भिंतीवर काजळी धरतेय, ती रविवारी पुसेन.

७ डिसेंबर, रविवार

कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

आज दुपारी नर्सचा काळा धूत असताना कोपऱ्यात कोणीतरी खोकलं. दोन लहान ठसके आणि मग घसा साफ केल्याचा एक लांब आवाज. मी तो खोकला भर बाजारात ओळखेन. वळून बघितलं तर वाफ. काळाही तिकडेच बघत होता. भुंकला नाही. मान वळवून नुसता टक लावून.

मी भ्यायला हवं होतं. पायातलं बळ गेल्यासारखं झालं हे खरं, कुंडीला धरून उभी राहिले. पण भीती नव्हती ती. लहानपणी शाळेतून आल्यावर बाबांची चप्पल दारात दिसली की जसं वाटायचं, तसं काहीतरी.

११ डिसेंबर, गुरुवार

आज परत. रोजच, दुपारच्या दुसऱ्या-तिसऱ्या कुत्र्याच्या सुमाराला. सकाळच्या पहिल्या आंघोळीला कधीच नाही. त्यांना उशिरा उठायची सवय होतीच.

तर आता ती गोष्ट लिहून टाकते.

मी एकोणीस वर्षांची होते. आई जाऊन आठ दिवस झाले होते. कुठल्याशा कारणावरून मी ताईशी भांडले आणि रागाच्या भरात, न विचारता, काळ्या खोलीचं दार ढकललं. बाबा आत रीळ उघडून बसले होते. आईचे शेवटचे फोटो होते त्यात, आजारात काढलेले, हसतानाचे. उजेड आत गेला आणि सगळं गेलं. बाबा काही बोलले नाहीत. एक शब्द नाही. त्यानंतर अकरा वर्षं ते जगले आणि माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. मीठ दे. दार लाव. ते गेले तेव्हा मी दुकानाच्या कामाने परगावी होते. ताई जवळ होती. अकरा वर्षं तीच जवळ होती.

आता ते कोपऱ्यात बसतात आणि मी कुत्री धुते. ते नाही म्हणत नाहीत.

१५ डिसेंबर, सोमवार

टपालवाले काका आले. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी सगळे त्यांना तेच म्हणतात. एकटेच राहतात. त्यांचं कुत्रं म्हणजे उशीएवढं, पांढरं, तेरा वर्षांचं. मी त्याला उशीच म्हणते. त्यांनी विचारलं, "मी आत उभा राहिलो तर चालेल? त्याला माझी सवय आहे." मी म्हटलं, उभे राहा, पण दार लावू द्या, गारठा आत येतो. ते थोडा वेळ थांबले, मग म्हणाले जीव घाबरल्यासारखा होतोय, वाफ सोसत नाही, आणि बाहेर गेले.

उशी अगदी शहाणं. मी त्याला तळहातावर धरून धुतलं. मान माझ्या मनगटावर टाकून पडून होतं. एवढा विश्वास कोणी माझ्यावर टाकला नव्हता, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. बाबाही बघत होते.

काका त्याला पंच्यात गुंडाळून घेऊन गेले. म्हणाले, "लहान बाळासारखा झोपलाय बघा."

१६ डिसेंबर, मंगळवार

उशी गेलं. काल संध्याकाळी झोपेतच. काका स्वतः सांगायला आले, मला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून. फाटकाशीच उभे होते. "म्हातारं झालं होतं," ते म्हणाले. "पण स्वच्छ होऊन गेलं. तुमच्या हातून किती शांत आंघोळ झाली त्याची. माझ्या मनाला तेवढं समाधान आहे."

मी त्यांचा हात हातात घेतला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज बाबा बोलले.

चार कुत्री झाली होती. पाचवं यायचं होतं. मी गीझर चालूच ठेवून कुंडी धूत होते. डोकं ठणकत होतं, कानात समुद्रासारखा आवाज. दाराबाहेर गेले, साबणाची बाटली आणली आणि परत येताना काय सुचलं कोण जाणे, दाराशी थांबून म्हटलं, "येऊ का?"

आतून म्हणाले, "ये."

पस्तीस वर्षांनी. आवाजात राग नव्हता. मी आत जाऊन ओल्या जमिनीवर बसले आणि किती वेळ बसले ते आठवत नाही. पाचव्या कुत्र्याच्या मालकाने बाहेरून दार ठोठावलं तेव्हा उठले. उठताना दोनदा पडले.

ताईला सांगावं म्हणून वर गेले. तिची खोली बरोबर काळ्या खोलीवर आहे, लाकडी जमिनीच्या फटींतली लांबी वाळून पडलीय, त्यांतून खालची ऊब वर येते म्हणून हल्ली ती खुर्ची सोडत नाही. गाल छान लाल झाले होते. तिनेच आधी विचारलं, "ते खाली आहेत ना?"

मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"जिन्यावर पावलं वाजतात. दुपारभर."

मग तिला उलटी झाली. सकाळची चहाची साय बाधली असेल.

२३ डिसेंबर, मंगळवार

ताई जिन्यात घेरी येऊन बसली. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, म्हणाले वय, गुडघे, कोंडून बसणं. फिरायला न्या म्हणाले. अंगणात दोन फेऱ्या मारल्या की ठीक असते. वर गेली की परत तेच. खोलीतच काही दोष असल्यासारखं. पण ती अंगणात यायला तयार नसते. "ते दाराशी येऊन थांबतात," म्हणते. "मी नसले तर?"

२८ डिसेंबर, रविवार

जमेल तसं लिहिते.

पाणी नीट तापेना म्हणून गीझर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं होतं. फिटर साधारण माझ्याच वयाचा, बुटका, खिशाला काडेपेटीएवढं यंत्र अडकवलेलं. तो आला तेव्हा मी लांडग्याला धूत होते. दार उघडून त्याने एक पाऊल आत टाकलं आणि ते यंत्र किंचाळायला लागलं.

त्याने यंत्राकडे बघितलं. मग जाळाकडे. मग भिंतीवरच्या काजळीकडे. पिशवी तिथेच टाकून तो धावत आला, सिलिंडर बंद केला आणि माझं मनगट धरलं.

"बाई, बाहेर. बोलायचं नंतर."

"अहो, कुत्र्याच्या अंगाला साबण आहे. बघा तरी किती शांत उभा आहे."

"तो उभा नाही, बाई. तो कुंडीला टेकून पडलाय."

मी बघितलं. लांडग्याचे मागचे पाय त्याच्याखाली दुमडले होते. जीभ बाहेर होती.

फिटरने त्याला साबणासकट खांद्यावर टाकलं आणि मला ढकलत अंगणात आणलं. "घरात अजून कोण?" मी वर बोट दाखवलं. तो नाकातोंडाला रुमाल लावून वर गेला आणि ताईला उचलूनच घेऊन आला. ताई त्याला मारत होती. "सोड मला, ते येतायत," असं म्हणत होती.

आम्ही तिघं गारठ्यात जमिनीवर बसलो होतो. दहाएक मिनिटांनी लांडग्या ओकला, धडपडत उभा राहिला, माझ्याकडे बघितलं आणि दात दाखवून गुरगुरला.

महिन्याभरात पहिल्यांदाच.

२९ डिसेंबर, सोमवार

रुग्णालयात रात्रभर नाकाला ऑक्सिजन. आज सोडलं. ताईच्या रक्तात विष जास्त निघालं, माझ्यात थोडं कमी. फिटर येऊन गेला. फळं घेऊन आला होता, आणि रागावलेलाही होता.

त्याने समजावलं ते असं. बंद खोलीत जाळाला हवा पुरत नाही, मग तो अर्धवट जळतो. निळ्याचा पिवळा होतो, काजळी धरतो आणि एक वायू सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाच्या रक्तात हवेची जागा तो घेतो. डोकं दुखतं, पाय जातात, उलटी होते. "आणि लोकांना काय काय दिसतं, ऐकू येतं. मी एका घरी गेलो होतो, तिथे नवराबायको दोघांनाही भिंतीत कोणीतरी चालताना ऐकू येत होतं."

मी विचारलं, "दोघांना एकच?"

"एकाने सांगितलं की दुसऱ्याला ऐकू येतं."

मी त्याला सांगितलं नाही की आम्ही एकमेकींना आधी सांगितलं नव्हतं.

गीझरला हात लावायचा नाही, अशी तंबी देऊन गेला. धंदा चालूच ठेवायचा असेल तर दुसरी तऱ्हा आहे म्हणाला. जाळ अंगणात, भिंतीपलीकडे. तिथे तापलेलं पाणी नळीतून आत येतं, टाकीच्या पोटात वेटोळं घेऊन फिरतं आणि परत बाहेर जातं. टाकीतलं पाणी त्या वेटोळ्याच्या नुसत्या शेजाराने तापतं. दोन्ही पाणी एकमेकांना शिवत नाही. आणि खोलीला खिडकी, ती आधी.

एक गोष्ट मनात येतेय. ती आज लिहिणार नाही.

४ जानेवारी, रविवार

गवंड्याने काल बुजवलेल्या खिडकीच्या वरच्या चार विटा काढल्या. बाकीचं काम टाकी आल्यावर. आज दुपारी दार उघडं टाकून मी तिथे उभी राहिले. उन्हाचा चौकोन बाबांच्या कोपऱ्यात पडला होता. तिथे एक मोडकं स्टूल आणि कोळ्याचं जाळं.

"येऊ का?" म्हणून बघितलं. आतच उभी राहून. मूर्खपणा.

त्यांनी मला माफ केलं, असं मी नऊ दिवस धरून चालले होते. ते माझंच अर्धमेलं डोकं बोलत होतं. मीच मला "ये" म्हटलं. सकाळपासून हेच घोळतंय आणि कोणाला सांगता येत नाही. ताईशी बोलावं तर ती बोलतच नाही. जेवायला येते, ताट बघते, वर जाते.

९ जानेवारी, शुक्रवार

भाजी घेऊन अकराला परतले. फाटक उघडतानाच आवाज ऐकू आला. आधी ओळखला नाही. गीझरची घरघर.

काळ्या खोलीचं दार आतून लोटलेलं होतं, कडी लावलेली नव्हती. ढकललं. चार विटांच्या भोकात माझी जुनी शाल कोंबलेली. गीझर हुकाला टांगलेला, पाणी मोरीत सुसाट वाहतंय, पिवळा जाळ डुलतोय. आणि ताई त्या मोडक्या स्टुलावर, हात मांडीवर ठेवून, केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून बसलेली. पाहुणे यायचे असले की बसते तशी. दुखऱ्या गुडघ्यांनी ती सिलिंडर ओढत आत कशी घेऊन आली असेल, देव जाणे.

मी श्वास रोखून सिलिंडर बंद केला, शाल ओढून काढली आणि तिला काखेत धरून बाहेर आणलं. शुद्धीवर होती. नुकतंच पेटवलं असावं. नळावर पाणी प्यायली आणि म्हणाली, "दहाच मिनिटं बसणार होते."

फिटरला फोन केला, तो तासाभरात आला आणि गीझर, सिलिंडर, सगळं घेऊन गेला. या वेळी तो रागावला नाही. ताईला म्हणाला, "आई, मी रोज एकदा चक्कर मारत जाईन, चालेल?" त्याच्याहून ती फार तर दहा वर्षांनी मोठी. ती म्हणाली, "या."

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. त्यांनी आठवड्यातून दोनदा समुपदेशकाशी बोलायला जायला सांगितलंय. ती हो म्हणाली.

१० जानेवारी, शनिवार

ताईने आज स्वतःहून विषय काढला. उन्हात बसलो होतो.

"तुझ्याशी ते बोलायचे," ती म्हणाली. "माझ्याशी नाही."

"तू तर म्हणालीस, दाराशी येतात."

"येऊन थांबायचे. चप्पल वाजायची, मग श्वास ऐकू यायचा. मी म्हणायची, बाबा, आत या. आणि पावलं वळून खाली जायची. रोज. तुझ्याकडे."

मी म्हटलं, "ताई, ते नव्हतेच."

"ते मला कळतं गं. शाळेत गणित शिकवलंय मी. नसलेलेसुद्धा तुझ्याकडेच जायचे, एवढंच म्हणतेय." आणि मग, "अकरा वर्षं मी त्यांचं केलं. ते दिवसभर जिन्याखाली तुझ्या येण्याची चाहूल घेत बसायचे. तू आलीस की मान फिरवायचे. बोलायचं होतं त्यांना. जमलं नाही त्यांना कधी."

हे तिने मला पस्तीस वर्षांत सांगितलं नव्हतं. मी रडले. ती रडली नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून बसली आणि मला वाटलं, हिच्या डोक्यावर कोणी ठेवलाय का कधी. मग मीच ठेवला. दोघी तशाच बसलो. शेजारीण भिंतीवरून बघून गेली.

१७ जानेवारी, शनिवार

नवी टाकी बसली. जाळ अंगणात, छपराखाली. खोलीला माणूस बाहेर डोकावेल एवढी खिडकी. फिटरने त्याचं ते यंत्र भिंतीवर कायमचं लावून दिलं आणि ताईच्या खोलीतही एक.

पहिला आला नर्सचा काळा. पाच मिनिटांत त्याने फवारा फोडला, कुंडीतून उडी मारली आणि माझ्या अंगठ्याला दात लावला. दोन टाके. नर्सनेच घातले. म्हणाली, "आधी किती शांत असायचा हो. तुमच्या हाताला झालं काय?"

सांगायला तोंड उघडलं होतं. "थंडी आहे ना," मी म्हणाले.

संध्याकाळी ताईने पट्टी बघितली आणि विचारलं, "टपालवाल्यांना सांगितलंस?"

म्हणजे तिच्याही मनात तेच होतं. २९ तारखेला मी जे लिहिलं नाही, ते हेच, उशीचं.

मी म्हटलं, "त्यांना समाधान आहे गं. ते का काढून घ्यायचं?"

ताई म्हणाली, "समाधान त्यांचं आहे की तुझं, ते आधी बघ." आणि वर गेली.

१९ जानेवारी, सोमवार

आज त्यांच्याकडे गेले. सकाळी, दहाच्या सुमाराला.

काकांचं घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. दारामागे अजून पट्टा टांगलेला. त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही, बसले असते तर सांगता आलं नसतं. उभ्यानेच सगळं सांगितलं. खोलीचं, जाळाचं, खरवडून काढलेल्या पट्टीचं सुद्धा. तुमचा जीव घाबरला तो वाफेने नाही. तुम्ही बाहेर पडलात. ते माझ्या हातात होतं, त्याला पडता आलं नाही.

ते ऐकत होते. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"तो माझ्याकडे बघत होता," ते म्हणाले. "मी दार लावून घेताना. मला वाटलं, जा म्हणतोय."

बाहेर कोणाच्या तरी सायकलची साखळी कुरकुरत गेली.

मग त्यांनी विचारलं, "बाकीच्यांना सांगितलंत? ज्यांची कुत्री त्या खोलीत गेली त्यांना?"

"नाही."

"एखादं आजारी असेल. धाप लागत असेल. त्यांना कारण कळायला नको?"

"किती घरं असतील तेही मला नीट माहीत नाही, काका. काही लोक लांबून यायचे. चेहरे आठवतात, पत्ते नाही."

ते उठले. मला वाटलं, दार दाखवतील. त्यांनी कोपऱ्यातून बूट ओढले, बाकावर बसून घातले, नाड्या बांधल्या. सावकाश, दोनदा गाठ मारून.

"कुत्र्याचं वर्णन सांगा," ते म्हणाले. "या भागात कुठल्या फाटकामागून कोण अंगावर येतं ते एकतीस वर्षं बघितलंय मी."

आम्ही निघालो. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मला माफ केलंय असं मी धरून चालणार नाही, या वेळी नाही. पहिलं घर बेकरीच्या मागे. आत लांडग्या भुंकायला लागला होता, फाटकाला धडका देत होता.

घंटी काकांनी वाजवली. मग दोन पावलं मागे सरून उभे राहिले, मला पुढे करून.